पिशोरचा पंप

ज्ञानेश्वरी आमच्याकडं आली ती फळ्या घासायच्या कामावर. मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं पत्र्याच्या शेडांची एक ओळ आहे, त्यात अतुलचं लाकडी कामाचं वर्कशॉप. देवघरांच्या जाळ्या, दारावरची नक्षी, नावाच्या पाट्या अशी कामं आम्ही करतो. अतुल मालक, पण वयानं माझ्याहून बराच लहान. मी राजेंद्र, पॉलिश आणि जोडणी माझ्याकडं. पुढं जे घडलं त्यातलं बहुतेक माझ्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून सांगतोय.

बाई उंच, काटक. सकाळी नवरा अजिनाथ मोटारसायकलवर सोडून कंपनीत जायचा. तो चिकलठाण्याला फोर्कलिफ्ट चालवतो. आल्या आल्या ती साडीवर जुना शर्ट चढवायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि कामाला लागायची. बोलणं कमी. पण ऐकणं फार. म्हणजे माणसांचं नव्हे, यंत्रांचं. एकदा घासता घासता हात थांबवून ती म्हणाली, "भाऊ, त्या धूळ ओढायच्या मशीनचं बेअरिंग जायला लागलंय." आम्हाला कुणालाच काही वेगळं ऐकू येत नव्हतं. त्याच आठवड्यात ते मशीन किंचाळत बंद पडलं.

आमच्याकडं मुख्य यंत्र म्हणजे राउटर. एका मोठ्या टेबलावर लोखंडी कमान पुढं-मागं सरकते, कमानीवर मोटार डावी-उजवीकडं जाते, मोटारीच्या टोकाला पोलादी बिट, म्हणजे कापायचं पातं, गरगर फिरतं. संगणकात जे चित्र काढाल ते हे यंत्र फळीत कापून देतं. काम मोठं सुबक, पण एक अट. फळी जागची हलता कामा नये. फळी सरकली हे मशीनला कळत नाही, ते आपलं ठरल्या वाटेनं चालत राहतं आणि दिवसाचं काम एका झटक्यात जळणात जमा होतं.

फळी धरायला आम्ही कडेनं लोखंडी क्लॅम्प लावायचो, कधी स्क्रू मारायचो. एका दुपारी क्लॅम्प जरा आत आला होता आणि बिट थेट त्याच्यावर गेलं. कडाडकन आवाज झाला, बिटाचा तुकडा माझ्या कानाशेजारून गेला आणि मागच्या पत्र्यात रुतून बसला. मी खाली बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. अतुलनं मशीन बंद केलं.

ज्ञानेश्वरीनं मला पाणी दिलं. मग ती टेबलापाशी गेली, वर अंथरलेला जाड तक्ता उचलला आणि वाकून बघायला लागली. टेबलावर आडव्या-उभ्या खाचा होत्या, चौकटीच्या कागदासारख्या, आणि मधोमध एक भोक.

"अतुलभाऊ, या खाचा कशाच्या?"

"व्हॅक्यूमच्या," अतुल म्हणाला. "खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे फळी चिकटून बसते. पण हे मशीन आपण जुनं घेतलं ना, त्याच्याबरोबर पंप नव्हताच आला. मग राहिलं ते राहिलंच."

तिनं त्या भोकावर तळहात ठेवला.

"आमच्याकडं हाय तसला पंप," ती म्हणाली. "पिशोरला. म्हशीचा."

अतुलला आधी वाटलं, ती माझं मन रमवायला काहीतरी बोलतेय.

पण खरंच होता. ज्ञानेश्वरीचं माहेर कन्नड तालुक्यातलं पिशोर. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. तिचे आजोबा वर्षातले आठ महिने कळप घेऊन रानोरान असायचे. वडिलांनी, सूर्यभान त्यांचं नाव, हळूहळू मेंढरं कमी करून म्हशी घेतल्या, गोठा बांधला. म्हशी वाढल्या तशा धारा काढायच्या हातानं उरकेनात, तेव्हा त्यांनी दूध काढायचं मशीन आणलं. त्या मशीनचे रबरी कप सडांना लावले की ते तिथंच चिकटून राहतात, पंप पाइपातून हवा ओढत राहतो आणि दूध कॅनमध्ये उतरतं. मशीन बिघडलं की मेकॅनिक कन्नडहून यायचा, तोवर म्हशी ठणाणा करायच्या. म्हणून दहावीतली ज्ञानेश्वरी त्या मेकॅनिकच्या मागंमागं फिरून सगळं शिकली. कुठला रबर चिरला, कुठल्या जोडातून हवा शिरते, तेल कधी कमी झालं, हे ती पंपाच्या आवाजावरून सांगायची. गावात आणखी दोघातिघांनी मशीन घेतलं होतं, तेही तिलाच बोलवायचे. पुढं तिचं लग्न झालं, सूर्यभानांचे गुडघे गेले, म्हशी विकल्या, दोनच ठेवल्या. पंप गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेला.

रविवारी आम्ही तिघं अतुलच्या पिकअपमधून पिशोरला गेलो. सूर्यभान बाजेवर बसले होते, पांढरा फेटा, हातात काठी. लेकीनं पंप मागितला तेव्हा त्यांनी आधी आम्हा दोघांकडं पाहून घेतलं.

"किती म्हशी हायेत तुमच्याकडं?"

"म्हशी नाहीत, दादा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "लाकूड धरायचंय."

"लाकूड?" म्हातारा आमच्याकडं संशयानं बघायला लागला. "लाकडाची कसली धार काढता?"

तिनं घरातून स्टीलचा पेला आणला, तोंडाला लावला आणि आतली हवा ओढली. पेला ओठांना चिकटला. हात सोडून ती वडिलांसमोर तशीच उभी राहिली. दारातली दोन लहान पोरं हसायला लागली. तिनं पेला काढला.

"हे तुम्हीच दाखवलं होतं ना मला? पेल्यातली हवा गेली की बाहेरची हवा त्याला दाबून धरती. तसंच फळीचं. खालची हवा काढायची, वरची हवा दाबून धरंल."

"व्हय का," सूर्यभान म्हणाले. मग काठी टेकत स्वतः उठले, ताडपत्री काढली आणि पंपाच्या अंगावरची धूळ फेट्याच्या शेवानं पुसली. "न्या. पण त्याला रिकामा पळवू नका. तेल बघत जा. लई इमानी हाय तो."

निघताना त्यांनी आम्हाला दुधाची बाटली दिली आणि पंप पिकअपमध्ये नीट बांधलाय का ते दोर ओढून पाहिलं.

पंप आणला, जोडला, सुरू केला आणि काहीच झालं नाही. फळी बोटानं ढकलली तरी सरकत होती. आमच्या टेबलावर तो एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुशाचा, जाड तक्ता अंथरलेला असतो, बिट खाली गेलं तर टेबलाला लागू नये म्हणून. अतुलनं कुठंतरी पाहिलं होतं की एमडीएफमधून हवा आरपार जाते, मोठ्या कारखान्यांत लोक त्याच्यावर नुसती फळी टाकतात आणि ती चिकटते. ते खरंही आहे. पण तिथले पंप हत्तीसारखे असतात. आमचा पंप म्हशींचा. सगळ्या टेबलभर हवा झिरपायला लागली की त्याचा जीव पुरत नव्हता.

अतुल निराश झाला. ज्ञानेश्वरीनं मात्र देवापुढची उदबत्ती पेटवली. मला वाटलं, पूजा करतेय. ती उदबत्ती घेऊन टेबलाभोवती वाकून फिरायला लागली. जिथं हवा आत शिरत होती तिथं धुराची रेघ सरळ वर जायची सोडून वाकडी होऊन आत ओढली जात होती. "इथं. इथं. आणि ही सगळी कड," ती खुणा करत म्हणाली. गोठ्यातले पाइप ती असेच तपासायची.

मग तिनं एक वेगळी युक्ती काढली. सगळ्या टेबलाला हवा ओढत बसण्यापेक्षा जेवढी फळी तेवढ्यापुरतीच ओढायची. म्हशीच्या अख्ख्या अंगाला कुणी कप लावतं का, असं तिचं म्हणणं. एमडीएफच्या एका तुकड्यात फळीच्या आकाराहून जरा आतून खाच पाडायची, त्या खाचेत रबरी दोरी बसवायची आणि मधे एक भोक ठेवायचं. दोरीवर फळी टेकली की आतला भाग बंद डब्यासारखा होतो. एमडीएफमधून हवा पाझरू नये म्हणून त्याला सगळीकडून सीलर मारायचं. ते काम माझं. मी तीन हात मारले, कडांना चौथा.

पुन्हा पंप सुरू झाला. या वेळी आवाज बदलला. मलासुद्धा कळलं. आधी तो मोकळा घुरघुरत होता, आता दबून, जोर लावून घुमायला लागला. ज्ञानेश्वरी हसली. अतुलनं फळी ढकलली. मग दोन्ही हातांनी ढकलली. मग पाय भिंतीला लावून ढकलली. शेवटी तो टेबलावर आडवा पडून हसायला लागला. ना क्लॅम्प, ना स्क्रू. सगळी फळी वरून मोकळी, बिटाला कुठंही जायला रस्ता साफ.

त्या दिवसापासून ज्ञानेश्वरी घासायच्या कामावरून मशीनवर आली. अतुलनं तिला संगणकावर चित्र कसं लावायचं ते शिकवलं आणि ती शिकली. त्यात तिला वेळ लागला. इंग्रजीतली बटणं ती आधी जागेवरून ओळखायची, मग हळूहळू वाचायला लागली.

पुढं काही महिन्यांनी सम्यक सर आले. अंध मुलांच्या शाळेत ते भूगोल शिकवतात आणि स्वतः जन्मापासून अंध आहेत. चेहऱ्यावर सतत मिश्किल भाव, बोलणं वकिलासारखं. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी वास घेऊन विचारलं, "सागवान कापताय ना? आणि कोपऱ्यात कुणीतरी सीलर उघडं ठेवलंय." मी मुकाट्यानं डब्याला झाकण लावलं.

त्यांना हवा होता महाराष्ट्राचा नकाशा. टेबलाएवढा, लाकडी. प्रत्येक जिल्हा सुटा निघेल आणि पुन्हा आपल्याच जागी बसेल असा. नद्या कोरलेल्या, डोंगर उठलेले. "आमच्या मुलांना मी इतकी वर्षं तोंडानं सांगत आलोय की गोदावरी नाशिकहून निघते आणि नांदेडकडं जाते," ते म्हणाले. "त्यांनी ती बोटानं चालून बघावी, असं मला वाटतं."

अतुल होय-नाहीच्या मधे अडकला होता. ज्ञानेश्वरी म्हणाली, "करू की, सर."

काम वाटलं त्याहून अवघड निघालं. फळी जेवढी मोठी तेवढी हवा तिला जोरात दाबते. तुकडा लहान झाला की दाबणारी हवाही तेवढीच उरते. गडचिरोली, अहिल्यानगर, पुणे हे मोठे जिल्हे बसल्या जागी राहायचे. हिंगोली कापता कापता थरथरायला लागली आणि तिची कड फाटली. मुंबई तर सुटली तशी उडालीच. आम्ही तिघांनी भुशात गुडघे टेकून शोधली, मिळाली नाही.

आणि मग तो अपघात झाला.

बीड जिल्हा कापणं चालू होतं. दिवसाउजेडी, जेवणानंतर. ज्ञानेश्वरी टेबलाजवळ उभी राहून भुसा ब्रशनं बाजूला करत होती. अचानक लाईट गेली. पंप थांबला आणि फळीखाली क्षणात हवा शिरली. पण बिट लगेच थांबत नाही, ते आपल्या वेगात काही वेळ फिरत राहतं. त्यानं तो सुटा झालेला तुकडा पकडला आणि भिरकावला. तुकडा ज्ञानेश्वरीच्या मनगटावर बसला. तिनं हात पोटाशी धरला. शर्टावर रक्त पसरलं तेव्हा आम्हाला कळलं. अतुलनं तिला तसंच दवाखान्यात नेलं. टाके पडले. हाड वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो तर दारात तिच्या सासूबाई, वच्छलाबाई. बुटकी, ठसठशीत बाई. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि चहा संपल्यावर म्हणाल्या, "आता नाय जायची ती. लेकरांची माय हाय. लाकडं कापायला दुसरं कुणी बघा."

अजिनाथ मान खाली घालून बसला होता. ज्ञानेश्वरी आतून म्हणाली, "आत्या, चूक लाईटची नव्हती. माझी होती. मला ठाऊक होतं आणि मी केलं नाय."

"काय ठाऊक होतं?"

तिनं बाहेर येऊन सांगितलं. गोठ्यात पंपाजवळ एक लोखंडी टाकी असते. पंप तिच्यातली हवा आधीच काढून ठेवतो. लाईट गेली तर कप लगेच सडावरून गळून शेणात पडत नाहीत, टाकीच्या जोरावर थोडा वेळ धरून राहतात, तेवढ्यात माणूस ते सावकाश काढून घेतो. पंपाच्या तोंडाशी एक झडप असते, ती हवेला उलटं येऊ देत नाही. पिशोरहून पंप आणताना टाकी गंजलेली म्हणून ती तिथंच टाकून आली होती. "दुधाला लागती, लाकडाला काय करायची, असं वाटलं मला," ती म्हणाली. "इथं तर तिथल्यापेक्षा जास्त लागती."

वच्छलाबाईंनी ऐकून घेतलं. होय म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

टाके निघाल्यावर ज्ञानेश्वरी आली ती तडक शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं गेली. त्यांच्याकडं जुन्या कॉम्प्रेसरची भक्कम टाकी पडून होती. काय करायचंय ते ऐकून चाचांनी कपाळाला हात लावला. "अरे बहन, टाकी में हवा भरते सब लोगां. तुम तो खाली करने कू बोल रे!" पण त्यांनी जोड पक्के करून दिले, हवेचा दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ बसवलं, झडप बसवली. वायरिंग अतुलनं केलं. लाईट गेली की बिटाची मोटारही ब्रेक लागून लवकर थांबेल, आणि लाईट परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होणार नाही, अशी सोय त्यानं त्यात बसवली.

सगळं जमलं तेव्हा तिनं अतुलला सांगितलं, "काम नंतर. आधी आत्याला आणते."

वच्छलाबाई आल्या, नऊवारी, पदर खोचलेला, मागं अजिनाथ. दुकानभर नजर फिरवून म्हणाल्या, "दाखव."

ज्ञानेश्वरीनं टेबलावर फळी ठेवली, पंप सुरू केला. "ओढा, आत्या."

म्हातारीनं एका हातानं ओढली. मग दोन्ही हातांनी. मग तिनं चप्पल काढली, पाय रोवले आणि शेतातला वेल उपटावा तशी ओढली. "हालना की गं!"

"आता बघा हं." ज्ञानेश्वरीनं मेन स्विच पाडला. पंप बंद, दिवे बंद, पंखा बंद. दुकानात एकदम शांतता झाली. घड्याळाचा काटा एकदम पडला नाही, अगदी सावकाश उतरत होता. "आता ओढा."

वच्छलाबाईंनी पुन्हा जोर लावला. फळी तशीच. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कुणी धरून तर बसलं नाही ना. अजिनाथला हसू आवरेना. बऱ्याच वेळानं काटा खाली आला, फुस्स असा आवाज झाला आणि फळी त्यांच्या हातात सहज आली.

"सोडली व्हय तिनं आता?"

"सोडली. पण तोवर पातं कधीच थांबलेलं असंल."

वच्छलाबाईंनी फळी टेबलावर ठेवली. मग अतुलकडं वळल्या. "समदं बराबर हाय. पण मधी काच काहून नाय? पिठाच्या गिरणीला सुद्धा झाकण असतंय."

त्याच आठवड्यात त्यानं मशीनच्या पुढच्या अंगाला जाड प्लास्टिकची पारदर्शक भिंत बसवून घेतली. आम्ही तिला आजपर्यंत वच्छलाबाईंची काच म्हणतो. पाहुणे विचारतात, ही कुठली कंपनी.

लहान जिल्ह्यांचा उपाय अतुलला सुचला. तुकडा पूर्ण आरपार कापायचाच नाही. तळाला पापडाएवढा पातळ थर शिल्लक ठेवायचा. म्हणजे मुंबई, हिंगोली, सगळे शेवटपर्यंत मोठ्या फळीलाच जोडलेले राहतात आणि मोठ्या फळीला हवा घट्ट धरून ठेवते. काम झालं की फळी उलटी करून तो पापड सुरीनं कापायचा. कापून कडा घासायचं काम माझ्याकडं आलं. जिल्ह्याजिल्ह्याच्या सीमेवरून पॉलिश पेपर फिरवताना मला आपलं राज्य पहिल्यांदा नीट कळलं.

सगळं जोडून सम्यक सरांना बोलावलं. ते टेबलापाशी बसले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी नकाशा वाचायला लागले. कोकणाच्या कडेनं खाली गेले, सह्याद्रीवरून वर आले, सातपुड्याला टेकले. मग त्यांनी नाशिकवर बोट ठेवलं आणि गोदावरीतून चालायला लागले.

"ज्ञानेश्वरीताई," ते म्हणाले, "पैठणला माझं बोट बुडतंय आणि नांदेडला कोरडं पडतंय. जायकवाडी इतकं भरलं, तर थोडं पाणी खाली सोडा की."

अतुलनं मोजून पाहिलं. सरांचं बोट खरं निघालं. लाकूड मधे किंचित फुगलेलं होतं, त्यामुळं नदी मधे खोल आणि टोकाला उथळ कोरली गेली होती. डोळ्याला तो फरक दिसत नव्हता. पंपाला फळी धरता आली होती, पण तिचं पोट सपाट करता आलं नव्हतं.

मला वाटलं, चालून जाईल. सरसुद्धा म्हणाले, "राहू द्या, मुलांना मी सांगेन की या वर्षी पाऊस पैठणलाच पडला." पण ज्ञानेश्वरीनं नकाशा बाजूला ठेवला. "तुम्ही सांगाल, सर. पण त्यांचं बोट खोटं शिकंल."

ती पुन्हा पहिल्यापासून लागली. या वेळी सागवानाऐवजी शिवणीचं लाकूड घेतलं, हलकं आणि शांत, फारसं न वाकणारं. फळ्या आधी बरेच दिवस दुकानातच उभ्या ठेवल्या, त्यांना जे वाकायचं ते वाकून होऊ दिलं. मग फळी पालथी टाकून तिच्या पोटाखाली कागदाच्या घड्या सरकवल्या, म्हणजे हवेनं ती दाबली जाऊन खोटी सपाट होणार नाही. आणि तिची ती बाजू मशीननंच तासून सपाट केली. मग ती सपाट बाजू खाली करून वरची बाजूही तासली आणि कोरायला घेतली. पंपाच्या आवाजात जरा फरक पडला की ती मशीन थांबवायची, उदबत्ती फिरवायची, दोरी दाबून बसवायची आणि पुन्हा सुरू करायची. अतुल वैतागला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं दुसरी कामं पुढं ढकलली.

दुसऱ्यांदा सर आले. नाशिकहून निघाले, पैठणवरून गेले, नांदेडला पोचले आणि तिथं थांबले. मग पुन्हा नाशिकला जाऊन पुन्हा तोच प्रवास केला. "आता वाहतेय," ते म्हणाले.

शाळेत नकाशा द्यायला आम्ही सगळे गेलो. मुलांनी टेबलाभोवती गराडा घातला. बघता बघता सगळे जिल्हे बाहेर निघाले, हातोहात फिरले, गडचिरोली कुणाला मिळायची यावरून दोघांत भांडण लागलं. पुन्हा बसवताना एक जागा रिकामी राहिली. सर म्हणाले, "मुंबई कुणाकडंय?" शेवटी श्रेया नावाच्या एका चिमुरडीनं फ्रॉकच्या खिशातून मुंबई काढली. "मला ती ठेवून घ्यायची होती," ती म्हणाली. "लई गुळगुळीत हाय."

ज्ञानेश्वरी मागं भिंतीपाशी उभी होती. सरांनी तिचं नाव घेऊन मुलांना सांगितलं की नकाशा या बाईंनी केलाय. तशी मुलं तिच्याकडं आली आणि हात पुढं करून तिचे हात चाचपायला लागली. एकाला मनगटावरची टाक्यांची रेघ लागली. "ही कुठली नदी?" त्यानं विचारलं. ती हसत सुटली, हसता हसता डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, "ही बीडहून निघती, बाळा."

आणखी दोन शाळांनी तसे नकाशे मागवले. ते तिनं केले. आता आमच्या ओळीतल्या शेडांमध्ये कुणाचं टेबल धरत नसलं की लोक अतुलला नाही, तिला हाक मारतात. मोनिका नावाची एक नवी बाई कामाला लागलीय, तिला ती मशीन शिकवते. शिकवायची पद्धत तिची स्वतःची आहे. पहिले काही दिवस बटणाला हात लावू देत नाही, डोळे मिटून पंपाशेजारी बसवते.

मागच्या महिन्यात पैठणहून निरोप आला. तिथल्या एका सुतारानं हातमागाचे लाकडी भाग कापायला मोठं राउटर घेतलंय, पंपही नवा कोरा, पण फळ्या सरकत होत्या. ज्ञानेश्वरी एसटीनं गेली. सगळ्या दुकानाचे पंखे बंद करायला लावले, टेबलाखाली शिरली आणि पाइपाचा चिरलेला जोड शोधून काढला. त्या सुताराच्या घरच्यांनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसं होतं काम?"

"काम सोपं होतं, भाऊ," ती म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच, ती आमच्या टेबलाभोवती पावलं टाकत लांबी मोजत होती. "पण त्यांचं टेबल बघायला पाहिजे होतं तुम्ही. आख्खं दार मावतं त्याच्यावर, एका वेळी. अतुलभाऊ, ती मागची भिंत जरा सरकवता येती का हो?"

अतुल टेप घेऊन उठला.